रेघा झाकणारं रक्त

देवकाताई रोज सकाळी साडेआठला स्वतःचं बोट टोचायच्या. लॅबचं कुलूप काढायचं, खिडकी उघडायची, हात धुवायचे आणि टेबलाशी बसून डाव्या हाताचं एक बोट स्पिरिटनं पुसायचं. आज हे, उद्या त्याच्या शेजारचं. एकाच जागी रोज टोचलं तर कातडीला घट्टा पडतो, असं त्या सांगत. थेंब आला की तो काचनळीतल्या औषधात सोडायचा, नळी हलवायची, पाच मिनिटं घड्याळाकडे पाहायचं. मग नळी एका पांढऱ्या कार्डासमोर धरायची. कार्डावर काळ्या शाईच्या आडव्या रेघा ओढलेल्या असत. नळी गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या, की देवकाताई रजिस्टर ओढून तारखेपुढे एकच शब्द लिहीत: झाकलं. दारातल्या पहिल्या माणसाला त्या त्यानंतरच आत बोलवायच्या.

हे तीस वर्षं चाललं. आमच्या भागातल्या एका सरकारी दवाखान्यात. त्याचं नाव लिहायचं नाही, एवढ्या एकाच अटीवर देवकाताईंनी मला हे लिहू दिलं आहे.

दवाखान्याचा शिपाई कैलास याला त्या टोचण्याची फार गंमत वाटे. लॅबच्या दारात रांग लागली आणि कोणी घाई केली, की तो म्हणे, "थांबा नं बापा. ताईची पूजा चालू हाये. देवीले रक्त चढवल्याबिगर त्या गिऱ्हाईक घेत नाई."

आतून देवकाताईंचा आवाज येई, "कैलास, तुह्याही बोटाचा नैवेद्य लागन हं आज."

लोक हसत. ताईही हसत. कारण मात्र त्यांनी कधी कोणाला पुरतं सांगितलं नव्हतं.

सिकलसेल हा शब्द आमच्याकडे आता शाळेतल्या मुलांनाही माहीत आहे. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात, अडकतात. मग ताप, सांधेदुखी, रक्त कमी होणं. हा गुण आई आणि बाप दोघांकडूनही आला तर मूल आजारी होतं. एकाकडूनच आला तर माणूस नुसता वाहक. त्याला काही होत नाही, तो शेतात राबतो, शाळेत शिकवतो, म्हातारा होतो. प्रश्न येतो तो दोन वाहकांच्या संसारात. तिथे प्रत्येक बाळंतपणाला चारात एक शक्यता आजारी मुलाची. म्हणून लग्नाआधी तपासायचं. तपासणी साधी: असं रक्त त्या औषधात पडलं की नळी गढूळ होते आणि मागच्या रेघा झाकल्या जातात. निरोगी रक्तातून रेघा स्वच्छ दिसतात. झाकणारं रक्त मग वर्ध्याला मोठ्या तपासणीला जातं; माणूस वाहक की आजारी, ते तिथे कळतं.

देवकाताई हे नागपूरला एका प्रशिक्षणात शिकल्या. तेव्हा त्या सव्वीस वर्षांच्या होत्या. हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये हमाली करणाऱ्या बापाची ही थोरली मुलगी सरकारी नोकरीला लागली होती, आणि तिचं साक्षगंधही झालं होतं. प्रशिक्षणात शेवटच्या दिवशी अठरा जणांनी एकमेकांची बोटं टोचली. सतरा नळ्यांतून रेघा दिसल्या. अठरावी देवकाताईंची.

शिकवणाऱ्या सरांनी ते रक्त तिथेच मोठ्या तपासणीत पाहिलं आणि त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, की घाबरू नका, तुम्ही वाहक आहात, आजारी नाही. मग ते आणखी एक गोष्ट म्हणाले. ती ताईंनी मला जशीच्या तशी सांगितली: "खराब झालेलं औषध कधी ओरडत नाही. ते सगळ्यांना चांगलंच म्हणत सुटतं. म्हणून रोज सकाळी त्याच्यासमोर असं रक्त ठेवायचं, ज्याला ते चांगलं म्हणूच शकत नाही. तुमच्याजवळ ते आहे."

देवकाताईंनी घरी येऊन सासरच्या मंडळींना स्वतःच सगळं सांगितलं. मुलाचीही तपासणी करून घेऊ, म्हणाल्या. आठ दिवसांत निरोप आला: पोरीच्या रक्तात खोट हाये. पुढच्या दोन ठिकाणी तो निरोप त्यांच्या आधीच पोचलेला होता. त्यानंतर त्यांनी स्थळं पाहणं सोडलं आणि सांगणंही. भावाची दोन मुलं शिकवली, हिंगणघाटात दोन खोल्या बांधल्या. आणि रोज सकाळी बोट टोचलं.

आचल लॅबमध्ये आली तेव्हा ताईंची निवृत्ती दोनेक वर्षांवर होती. आचल आष्टीकडची, तिशी ओलांडलेली, अकरा-अकरा महिन्यांच्या कंत्राटावर. तिचा हात इतका हलका, की रक्त घेताना लेकरं रडायची विसरत. पहिल्याच आठवड्यात तिनं विचारलं होतं, "ताई, रोज सकाळी हे काऊन करता?"

"नळी खरं बोलते का, ते पाह्यतो मी."

उत्तर खरं होतं, पण अर्धं होतं. उरलेल्या अर्ध्यामुळे पुढचं सगळं घडलं.

एप्रिलमध्ये देवकाताई डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आठ दिवस रजेवर गेल्या. त्याच आठवड्यात, मंगळवारी, सामूहिक विवाह मेळाव्यातली बारा जोडपी तपासणीला आली. मेळावा रविवारी होता. समितीचे सचिव मोतीलालजी यांनी यंदा नियमच केला होता: सिकलसेलचा रिपोर्ट नाही तर मंडपात जागा नाही. चोवीस बोटं टोचली गेली आणि चोवीस नळ्यांतून रेघा स्वच्छ दिसल्या. मोतीलालजींनी दवाखानाभर पेढे वाटले.

त्या चोवीसात माझी मामेबहीण काजल होती. अल्लीपूरची. आणि वडनेरचा राकेश, तिचा होणारा नवरा.

गुरुवारी देवकाताई काळा चष्मा लावून हजर झाल्या. कैलास दारातच म्हणाला, "ताई, एकदम हिरोईन दिसून राह्यल्या!"

"हिरोईनले चहा सांग आधी," म्हणत त्या आत गेल्या. बोट पुसलं, टोचलं, नळी हलवली, पाच मिनिटं थांबल्या. चष्मा कपाळावर सारून नळी कार्डासमोर धरली.

रेघा दिसत होत्या. एकेक रेघ, काळी, सुटी.

त्यांना आधी वाटलं, नवा डोळा आहे. इतक्या दिवसांचं धुकं गेलं म्हणून दिसत असेल. त्यांनी ऑपरेशनचा डोळा झाकून जुन्यानं पाहिलं. रेघा होत्याच. त्यांनी आचलला हाक मारली.

"आचल, ये वं इकडं. तुले रेघा दिसते का?"

"हाव ताई. साफ दिसते."

"हे कोनाचं रक्त हाये, मालूम हाये का तुले?"

"तुमचंच नं. आत्ताच तं टोचलं."

देवकाताईंनी नळी स्टँडमध्ये ठेवली आणि औषधाची पावडर कुठे आहे, विचारलं. ती नेहमीच्या कपाटात नव्हती. आचलनं कूलरसमोरच्या फळीकडे बोट दाखवलं. एप्रिलचं ऊन, कपाट तापत होतं, औषध गरम होऊन बिघडू नये म्हणून तिनं बाटली गार हवेत आणून ठेवली होती. तिच्या मनात काळजीच होती. पण कूलरची हवा म्हणजे ओली हवा, आणि त्या पावडरीला उन्हापेक्षा ओल जास्त मारते. ताईंनी झाकण उघडलं. पावडरीचे खडे झाले होते.

मग त्यांनी रजिस्टर उघडलं. पानभर त्यांच्या हातचं झाकलं, झाकलं, झाकलं. त्याखाली मागच्या बुधवारपासून आचलचं गोल, सुंदर अक्षर: स्वच्छ. ठीक.

"हे काय लिहिलं तू?"

"तुमी रोज आधी बोट टोचता, म्हून मी भी टोचलं ताई. एक दिवस नाई चुकवला. रेघा साफ दिसल्या, म्हून ठीक लिहिलं."

"कोनाचं बोट टोचलं?"

"माहंच."

आचल निरोगी आहे. तिच्या रक्तातून रेघा कायमच दिसणार. औषध चांगलं असो की कूलरसमोर मेलेलं असो. ताईंची रीत तिनं मनापासून पाळली होती, फक्त त्या रीतीच्या आत काय होतं, ते तिला कोणी सांगितलं नव्हतं. आचल मला म्हणाली, "ताई ओरडल्या असत्या तं बरं झालं असतं. त्या खुर्चीवर बसल्या आणि स्वतःच्याच बोटाकडं पाह्यत राह्यल्या."

थोड्या वेळानं देवकाताई म्हणाल्या, "चूक तुही नाई. मी तुले बोट दाखोलं, कारन लपोलं. पाहून घे. माहं रक्त झाकनारं हाये. म्हून माहं चालते."

मोठे डॉक्टर वाईट नव्हते, पण चोवीस जणांना पुन्हा तपासायचं हे ऐकून हादरले. रविवारी मेळावा, निमंत्रणं वाटून झालेली, पालकमंडळी येणार. ते म्हणाले, "ताई, लग्नं होऊन जाऊ द्या. सोमवारपासून एकेकाला बोलवून शांतपणे करू."

"साहेब, लग्नानंतर ते कोनाच्या कामाचं?"

"आणि यातली दोन-तीन लग्नं मोडली तर? लोक दवाखान्याला जबाबदार धरतील."

देवकाताईंना मोडलेलं लग्न काय असतं, ते डॉक्टरांपेक्षा जास्त ठाऊक होतं. त्यांनी मला सांगितलं, की त्या क्षणी त्यांचे पाय खरंच मागे फिरले होते. आपल्यावर जे आलं ते आपल्याच हातानं कोण्या पोरीवर टाकायचं? पण मग त्यांना चोवीस रिपोर्ट दिसू लागले, चोवीस घरांत जपून ठेवलेले. चोवीसांच्या चोवीसांना चांगलं म्हणणारे.

त्यांनी तिथेच एक कागद लिहून दिला: मंगळवारची तपासणी ग्राह्य धरू नये. पडताळणीची पद्धत सहकाऱ्याला समजावून न सांगण्याची चूक माझी आहे. खाली सही. डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला, आणि वर्ध्याला फोन करून नवी सीलबंद बाटली काढून ठेवायला सांगितलं. दुपारच्या बसनं ताई स्वतः ती आणायला गेल्या. येताना बाटली दोन पिशव्यांत बांधून मांडीवर घेतली होती. शेजारच्या बाईनं विचारलं, लोणचं आहे का.

आचल तोवर फोन करत होती. सगळ्यात आधी मोतीलालजींना. ते म्हणाले, "आता काय पेढे वापस मागू का लोकाइले?" आणि फोन ठेवला. अर्ध्या तासानं त्यांनीच परत फोन केला, पत्ते सांगितले आणि गाडीची सोय केली.

शुक्रवारी सकाळी त्या दोघी अल्लीपूरला आमच्या मामांकडे आल्या. मी तेव्हा तिथेच होतो सगळ्यांसोबत. काजलच्या पांढऱ्या साडीला फॉल लावणं माझ्याकडे होतं. अंगणात बाजेवर कुरडया वाळत होत्या. हरिदासमामा ग्रामपंचायतीत लिपिक. कागदावर त्यांचा फार विश्वास. त्यांनी आतून प्लास्टिकच्या पिशवीतला रिपोर्ट आणून समोर धरला.

"मंगळवारी चांगलं म्हनलं, शुक्करवारी खराब म्हनून राह्यल्या. तुमची नळी हाये का राजकारन?"

"भाऊ, खराब नाई म्हनलं मी," देवकाताई म्हणाल्या. "मंगळवारी आमाले काही मालूमच नव्हतं, तरी आमी चांगलं म्हनलं. तेवढं वापस घ्याले आलो."

"चूक माही होती," आचल मध्येच म्हणाली.

"दोन दिवसांवर लग्न हाये, ताई. पोरीची बदनामी झाली तं तुमी निस्तरान का?"

देवकाताईंनी ओट्यावर रुमाल अंथरला, त्यावर रेघांचं कार्ड उभं केलं आणि तीन नळ्यांत औषध घातलं. पहिल्यांदा स्वतःचं बोट टोचलं. मग आचलचं. पाच मिनिटं ताईंनी घड्याळाकडे पाहिलं. शेजारची दोन माणसं कुंपणापाशी येऊन उभी होती. ताईंनी त्यांना जा म्हटलं नाही.

आचलच्या नळीतून रेघा दिसत होत्या. ताईंची नळी ताकासारखी गढूळ झाली होती.

"हे माहं," देवकाताई म्हणाल्या, मामांकडे नाही, काजलकडे पाहत. "मी वाहक हाये. सत्तावन्न वर्साची झाली, एक दिवस या रक्तानं मी बिमार पडली नाई. पन याच्यापायी माहं लग्न मोडलं, म्हून मी तीस वर्सं कोनाले सांगतलं नाई. नळी खरं बोलून राह्यली, हे तुमाले दिसलं पाह्यजे म्हून आज सांगतलं. आता तुही मर्जी."

माझ्या हातातली सुई तशीच राहिली होती. मामांनी रिपोर्ट घडी करून खिशात घातला.

काजलनं हात पुढे केला. "टोचा."

तिसऱ्या नळीतल्या रेघा आमच्या डोळ्यांसमोर हळूहळू पुसट झाल्या, मग गेल्या.

त्या दुपारी वडनेरला राकेशचीही नळी गढूळ झाली. चोवीसांपैकी पाच जणांच्या नळ्यांनी रेघा झाकल्या. त्यातल्या तिघांचे जोडीदार निरोगी निघाले, म्हणजे त्यांना काळजीचं कारणच उरलं नाही. दोन्हीकडे झाकणारं रक्त असलेलं जोडपं एकच होतं. पाचही नमुने हातोहात वर्ध्याला गेले, आणि शनिवारी दुपारी निकाल आला: पाचही वाहक, आजारी कोणी नाही.

शनिवारी पाच वाजता राकेश आणि त्याची आई तानाबाई अल्लीपूरला आले. सोबत देवकाताईंना घेऊन आले होते. लग्न मोडायलाच आले, असं आम्ही समजलो. मामींनी चहा ठेवला, पण साखर टाकायला विसरल्या.

देवकाताईंनी सगळं पुन्हा सांगितलं, काही न लपवता आणि काही न वाढवता. प्रत्येक वेळी चार चिठ्ठ्या. एक निरोगी, दोन वाहक, एक आजारी. तिसऱ्या महिन्यात नागपूरला पोटातल्या बाळाची तपासणी होते, तेव्हा कळतं. पुढे काय करायचं, ते त्या दोघांनी ठरवायचं, दुसऱ्या कोणी नाही. "आनि लग्न नाई करायचं ठरवलं, तरी कोनाच्या रक्ताले कोनी खोट म्हनू नका," एवढं त्या शेवटी म्हणाल्या.

मग तानाबाई बोलल्या. त्या मामांकडे पाहत नव्हत्या. आपल्या पदराच्या काठाकडे पाहत होत्या.

"राकेशच्या आधी मले एक पोरगा होता. सारखा ताप ये त्याले, हातपाय सुजत. कोनी म्हने हवा लागली, कोनी म्हने बाहेरचं हाये. सहा वर्साचा होऊन गेला. माही सासू म्हने, तू शेतात जाय, पोराले उपाशी ठेवे, म्हून गेला. मले ते खरंच वाटे, भाऊ. तीस वर्सं खरं वाटलं. काल या बाईनं राकेशची नळी दाखोली, आन् विचारलं, घरात कोनाले असा तरास होता का. तवा मले समजलं. मी उपाशी नव्हतं ठेवलं त्याले."

तानाबाईंनी देवकाताईंचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. बोटांची टोकं खरखरीत होती. त्यांनी त्यावर अंगठा फिरवला.

"मले कोनी सांगतलं नाई. तुमी या पोराइले सांगतलं."

मग काजलच म्हणाली, सगळ्यांसमोर, "राकेश, तू काय म्हन्तो?"

"मी काय म्हनू? मालूम नसतं तं लग्न उद्या झालंच असतं. आता मालूम झालं, तं मोडाचं का? मी तयार हाये. तुले भेव वाटत असन तं नाई म्हन. मी राग धरनार नाई."

"भेव तं वाटते," काजल म्हणाली. "पन तुह्यासोबत वाटलं तं चालन."

मामांनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "अवो, याच्यात साखरच नाई!" मग सगळे एकदम हसले, गरजेपेक्षा जास्तच.

रविवारी मंडपात बारा जोडपी पांढऱ्या कपड्यांत एका रांगेत बसली. वंदना झाली, हार घातले गेले. मोतीलालजींनी देवकाताईंना पहिल्या रांगेत बसवलं. का, ते माइकवर सांगितलं नाही, आणि ते न सांगणं मला फार आवडलं. ताई काळ्या चष्म्यात बसून होत्या. त्या रडत होत्या का, हे त्यामुळे कोणालाच कळलं नाही.

त्या कागदापायी देवकाताईंना मेमो आला. तो त्यांनी घरी नेऊन कपाटात प्रशिक्षणाच्या सर्टिफिकेटशेजारी ठेवला. "तीस वर्सांत एकच आला," त्या म्हणतात. "जपाले नको का?" आचलचं कंत्राट पुढच्या वर्षीही वाढलं. पावडरीची बाटली कपाटात परत गेली, कोरड्या डब्यात. आणि लॅबमध्ये एक नवी सवय लागली. कोणी शिकाऊ आलं, की ताई त्याला आधी काम करू देत नसत. प्रत्येक गोष्टीला 'हे काऊन?' म्हणून विचारायला लावत. विचारलं नाही तर कैलास ओरडे, "विचारा नं बापा, नाईतं ताई सुटी देनार नाई!"

मागच्या जूनमध्ये देवकाताई निवृत्त झाल्या. निरोपाच्या आदल्या आठवड्यात आचलला एकच काळजी होती. तिच्या स्वतःच्या बोटाचा उपयोग नाही. वर्ध्याहून तपासणीचं पक्कं रक्त येतं, पण कधी येतं, कधी येत नाही. सकाळी साडेआठला नळीसमोर ठेवायला झाकणारं रक्त आणायचं कुठून?

हे काजलच्या कानावर आलं. पुढच्या सोमवारी ती वडनेरहून पहिल्या बसनं दवाखान्यात हजर झाली. लॅबमध्ये देवकाताई ड्रॉवर रिकामा करत होत्या.

"तू काऊन आली वं? तब्येत बरी हाये नं?"

"बरी हाये ताई. बोट द्याले आली."

बोटाऐवजी आचलनं दंडातून एक लहान शिशी रक्त घेतलं. फ्रिजमध्ये ते आठवडाभर चालतं. तेव्हापासून दर सोमवारी वडनेरची पहिली बस काजलला घेऊन येते. मधले काही महिने राकेश येत होता. काजलला दिवस गेले होते. तिसऱ्या महिन्यात दोघं नागपूरला जाऊन आले. निकालाच्या त्या आठवड्यात देवकाताई वडनेरला तानाबाईंकडे जाऊन राहिल्या होत्या. दोघींनी मिळून चार किलो तूर निवडली, असं राकेश सांगतो. बोलल्या किती, ते त्यानं ऐकलं नाही.

मुलगी झाली. श्रावस्ती नाव ठेवलं. आईबापासारखीच वाहक आहे, आणि आईबापासारखीच आरडाओरडा करणारी.

मी हे लिहायला घेतलं ते एका सोमवारी काजलसोबत लॅबमध्ये बसून आल्यावर. काजलच्या दंडावर कापूस होता आणि मांडीवर श्रावस्ती. आचलनं शिशीतला थेंब नळीत सोडला, नळी हलवली, पाच मिनिटं घड्याळाकडे पाहिलं. आपल्या घरातल्या माणसाचं रक्त गढूळ होताना पाहून हायसं वाटावं, हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर पटलं नसतं. रेघा गेल्या. आचलनं रजिस्टर ओढलं. त्यात आता ताईंच्या अक्षराखाली तिचं गोल अक्षर आहे, शब्द मात्र तोच.

मग ती दाराकडे वळून म्हणाली, "या. कोनाचा नंबर हाये?"